माकणीचं घड्याळ

अलार्म वाजला की आमच्या एक्स्चेंजमधला तो टेक्निशियन आधी बझर बंद करतो आणि मग उरलेला चहा निवांत संपवतो. मला ते बघवत नाही. इंजिनिअर मी आहे, तो नुसता आयटीआय झालेला.

त्या दिवशी माकणी गावच्या एक्स्चेंजला जोडणाऱ्या लिंकवर लाल दिवा लागायचा, विझायचा. सकाळपासून मी त्या लिंकची दोन सर्किट कार्डं बदलली होती. त्यानं माकणीला फोन लावला, डोळे मिटले आणि बोटानं टेबलावर ठेका धरला.

"लाइनीत सारख्या अंतरानं टक् वाजतंय, साहेब. कार्ड बिघडलं असतं तर कसंबी वाजलं असतं. तिथल्या मशीननं आपल्या हितल्या घड्याळाशी जुळवून घेणं सोडलंय, सोताच्याच तालावर चाललीय ती."

तिथल्या माणसाला त्यानं सेटिंग सांगितली. दिवा विझला. रजिस्टरात त्यानं लिहिलं, 'साहेबांच्या सूचनेवरून घड्याळ जुळवलं.'

"माझं नाव कशाला?"

"चांगली कार्डं का काढली म्हणून वरून इचारतील. ऱ्हाऊ द्या."

मी सही केली.

हल्ली खोलीत कोणी नसलं की मीही फोन कानाला लावून डोळे मिटतो. बोट टेबलावर नुसतं पडून राहतं.