गाय विकली त्या वर्षीचं नाताळचं ताट

आमच्या घरी नाताळचं ताट पुढच्या दारानं यायचं आणि मागच्या दारानं जायचं. एक-दोन नव्हे, बावीस वर्षं. आणि ते मागच्या दारापर्यंत नेणारे हात माझे होते, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढे मी दुसऱ्यांवर तोंड सोडलं की वाचणारा विचारेल, बाई गं, तू तेव्हा कुठे होतीस?

मी डिचोलीची. लग्न होऊन कोरगावात आले. आमच्या घराच्या आणि शेजारच्या मावशीच्या घराच्या मध्ये कमरेइतका चिऱ्यांचा गडगा आहे. आम्ही हिंदू, मावशी ख्रिस्ती. तिचा नवरा लवकर गेला, मुलगी लग्न होऊन वास्कोला, घरात ती एकटी. नाताळच्या दुपारी शेजाऱ्यांकडे फराळाचं ताट पाठवायची त्यांच्यात रीत आहे, कोनसुआद म्हणतात तिला. मावशी ताट पाठवायची नाही, स्वतः घेऊन यायची. वर क्रोशाचा रुमाल, खाली दोदोल, करंज्यांसारख्या नेवऱ्या, शिंपल्यांसारखे कुलकुल, खोबऱ्याचा केक. सोप्यावर उभी राहून ताट सासूबाईंच्या हातात द्यायची. सासूबाई तोंडभर हसायच्या, "कित्या गो इतक्या सगळ्या?" म्हणायच्या. आणि मावशी गडग्यापलीकडे पोचली रे पोचली की ताट माझ्या हातात. "अंडां आसतली त्यात. मार्गेसर चालू हा. गायीक घाल."

मार्गशीर्षात अंडं-मासळी नाही, हे खरं. पण नाताळ काही दर वर्षी मार्गशीर्षात येत नाही. पौषात आला की सासूबाई म्हणायच्या, आज सोमवार. सोमवार नसला की म्हणायच्या, आज पोट बरं नाही. एरवी त्याच घरात आमच्याच कोंबड्यांच्या अंड्यांची पोळी दर रविवारी व्हायची, आणि बांगडा नसला तर जेवण घशाखाली उतरायचं नाही. सगळं सोवळं एका मावशीच्या अंड्याला.

पहिल्या वर्षी मी विचारलं होतं, "आई, मी खाऊ एखादा?" त्या म्हणाल्या, "तुझ्या माहेरी खातत वाटता?" झालं. माहेराचं नाव काढलं की नव्या सुनेची जीभ आत जाते. मी गोठ्यात गेले आणि ताट पाटीत उपडं केलं. गाय मात्र मिटक्या मारत खायची हो!

ताट रिकामं परत करायचं नाही, हीसुद्धा रीत. दुसऱ्या दिवशी त्यावर साखर किंवा चार केळी ठेवून मीच परत करायची. नुसतं परत कसं करणार? कौतुक करायला हवं ना. "मावशी, मस्त झालं होतं सगळं. दोदोल तर एकदम फर्स्टक्लास!" दर वर्षी हेच. पाठ झालं होतं मला.

एका वर्षी असंच म्हणाले आणि मावशी हळूच म्हणाली, "दोदोल ह्या वर्षी खंय केलंय, बाय? हात धरलेलो माझो." ताटात काय होतं ते बघायचेही कष्ट मी घेतले नव्हते. आणि मावशी काय म्हणाली ठाऊक आहे? "गेल्या वर्षीचो म्हणतंस काय तू?" मला वाट काढून दिली तिनं. आणि मी मेली ती घेतली. "हो हो, गेल्या वर्षीचाच," म्हणाले आणि घरी आले. त्या दिवसाची आजही मला लाज वाटते.

मग तेविसाव्या वर्षी दुसरंच घडलं. गोठ्यात तोवर तिसरी गाय आली होती, तिला पाडा झाला, नर वासरू. पाड्याचं कुणाला काय कौतुक? महिन्याभरात तो टेम्पोत चढवून दिला. गाय तीन दिवस हंबरत होती आणि मी तिच्या बुडाशी तांब्या घेऊन बसले होते. चौथ्या दिवशी मी तांब्या ठेवून दिला. दूध सोडलं, मग तूप सोडलं, मग अंडं-मासळीही सोडली. घरात सुतक पडल्यासारखं झालं. सासूबाई म्हणाल्या, "खूळ लागला हिका." ह्यांनी डॉक्टरचं नाव काढलं. माझी मुलगी बेंगळुरूला नोकरी करते, ती फोनवर म्हणाली, "आई, तू व्हीगन झालीस की!" म्हटलं, मला नाव नको देऊ, मला नारळाचा रस काढून दे. मी धार काढणार नाही म्हटल्यावर ह्यांनी गाय इब्रामपूरच्या एका शेतकऱ्याला विकली. ती माझ्यामुळे गेली, तेही माझ्याच खाती.

एक मावशी तेवढी हसली नाही. म्हणाली, "कोरेजमात माझी आई अशीच रांदायची. पेज, उकडलेले कणगे कंद, खोबऱ्याची चटणी. चाळीस दिस." कोरेजम म्हणजे त्यांच्या ईस्टरआधीचा उपासाचा काळ. "फक्त आम्ही ईस्टरची वाट बघायचो. तू कोणाची बघतंस?" म्हटलं, कुणाचीच नाही.

त्या डिसेंबरात मी गडग्यापाशी कपडे वाळत घालत होते. मावशी पलीकडून म्हणाली, "बाय, ह्या वर्षापासून तुमका ताट नाय धाडूचंय."

"का गं?"

"हात चलना नाय." मग तिनं आमच्या रिकाम्या गोठ्याकडे बघितलं. "आणि तुमी गाय विकलास ना. मगे खातला कोण?"

रागानं नाही म्हणाली. टोमणाही नाही मारला. मीठ संपलंय म्हणावं तसं म्हणाली. माझ्या हातातला ओला टॉवेल तसाच राहिला. मोपाच्या विमानतळावरून उठलेलं एक विमान डोक्यावरून गेलं. इतकी वर्षं तिला ठाऊक होतं! आणि तरी ती क्रोशाचा रुमाल इस्त्री करून आमची पायरी चढत होती.

"मी खाणार," मी म्हणाले.

"तू? तू तर लोणीसुद्धा खायनास."

"मग लोणी घालायचं नाही. अंडं नाही, दूध नाही, तूप नाही. मी येते करायला. तू फक्त सांग. ताट यायचं म्हणजे यायचंच आमच्याकडे, आणि ते आमच्या घरात माणसानं खाल्लंच पाहिजे."

"तुझी सासू?" म्हणाली. "तिचं मी बघते," म्हटलं. मनात होतं, आता त्यांना निमित्ताला एक फटसुद्धा ठेवणार नाही.

आठ दिवस रोज दुपारी मी मावशीच्या रांधपघरात. ह्यांनी विचारलं, "लोक काय म्हणतील?" म्हटलं, "सांगा लोकांना, बायको स्वयंपाक शिकायला जाते. शिकण्यात कसली लाज?" सासूबाईंनी भांडी फार आपटली.

दोदोल सोपा निघाला. त्याला काही सोडावंच लागत नाही. तांदळाचं पीठ, नारळाचा रस, माडाचा काळा गूळ, काजू. फक्त तीन तास ढवळायचा. मावशी पाटावर बसून हुकूम सोडत होती आणि मी घामाघूम. नेवऱ्यांच्या आणि कुलकुलांच्या पिठात तुपाऐवजी खोबरेल कडकडीत करून ओतलं. कुलकुल नव्या फणीवर वळायचे असतात. माझे पहिले वीस पाहून मावशी म्हणाली, "ही कुलकुलां काय गोगलगायी?" बेबिंकाच्या, त्या थरांच्या गोडाच्या, वाटेला गेलोच नाही. ते अंड्याच्या बलकाशिवाय होत नाही, आणि उगाच त्या नावानं दुसरंच काही करायला मला आवडत नाही. केक मात्र सोडायचा नव्हता मला. पहिला केक चपटा बसला, पाट म्हणून वापरता आला असता. दुसऱ्यांदा रवा-खोबऱ्याच्या पिठात सोडा घातला आणि शेवटी चमचाभर माडाचं व्हिनेगर. फसफसून वर आलं! मी आनंदानं ओरडलेच. "बघ मावशी, अंड्याशिवाय फुगला! आता तुझ्या ताटात अंडं नाही म्हणून मी छाती ठोकून सांगणार."

मावशी फणी पुसत होती. म्हणाली, "तुमच्या ताटात मी अंडां कधी घातलंयच नाय, बाय."

"म्हणजे?"

"पयल्या दोन वर्षांत घातलंय. मगे कळला, गाय खाता म्हणान. गोरवाक अंडां कशी घालू? दही घालून करतंय, ता तुका चलना नाय."

मी चुलीपुढे बसकण मारली. आमच्या घरासाठी ती वीस वर्षं वेगळा केक करत होती, गायीला चालावा म्हणून. आमच्या देवाची काळजी तिला, आणि आम्ही तिच्या अंड्याच्या नावानं नाक मुरडत बसलेलो. मला रडू आलं, पण त्याहून राग आला. राग बरा, त्याला हातपाय असतात. "उद्या ताट मी नेते," मी म्हणाले. "तू नको येऊ."

नाताळच्या दुपारी चहाच्या वेळेला मी ताट घेऊन पुढच्या दारानं आत आले. सोप्यावर नाही थांबले. सरळ आतल्या टेबलावर नेऊन ठेवलं आणि रुमाल काढला. हे आणि सासूबाई चहा घेत होते. सासूबाईंनी चष्मा लावला.

"मार्गेसर चालू हा," त्या म्हणाल्या.

"ठाऊक आहे. ह्यात अंडं नाही."

"तूप भायरचा आसतला. चरबी घालतत."

"तूपच नाही. खोबरेल आहे, आपल्याच घाण्यावरून आणलेलं. लोणी नाही, दूध नाही. नारळ आपल्या माडांचे. तांदूळ आपल्या शेताचा. सोवळ्यात ठेवावं इतकं निर्मळ आहे. आणि केलंय मी, ह्या हातांनी."

ह्यांनी एक कुलकुल घ्यायला हात पुढे केला. सासूबाईंनी नुसतं बघितलं. ह्यांचा हात जागच्या जागी फिरला आणि बशीकडे गेला. "मला ॲसिडिटी आहे," म्हणाले. पन्नाशी ओलांडलेला माणूस!

"बोला आई," मी म्हणाले. "आता काय राहिलं?"

मी हलले नाही. आज हलायचंच नाही, हे ठरवून आले होते. शेवटी सासूबाई ताटाकडे न बघता म्हणाल्या, "भांडी कोणाची?"

आलं! बावीस वर्षं मार्गशीर्ष, सोमवार आणि पोटदुखी यांच्या आड लपून बसलेलं एकदाचं बाहेर आलं. मला वाटलं होतं, ते ऐकून मी थयथयाट करीन. पण मला उलट मोकळंच वाटलं.

"भांडी तिची," मी म्हणाले. "चूल तिची, पाणी तिच्या बावीचं. आणि रोज सकाळी तुम्ही ख्रिस्ती पोदेराचा पाव चहात बुडवून खाता, तेव्हा कधी विचारलंत का, भट्टी कुणाची, पीठ मळणारा कोण? दारात भोंपू वाजला की सगळ्यांच्या आधी तुम्ही धावता."

"पावाचा वेगळा."

"काय वेगळं? सांगा ना. पावाला दात नाहीत आणि ताटाला आहेत?"

"तू घरात फूट पाडतंस."

"पाडते. पण आणखी एक ऐका. चवथीच्या अडीचशे नेवऱ्या ह्या घरात मी करते. तुम्हाला आता पाटावर बसवत नाही. पहिल्या ताटातल्या नेवऱ्या गडग्यापलीकडे जातात, आणि ती त्या डोक्याला लावून खाते. तिची भांडी आपल्याला चालत नसतील, तर आपली भांडी तिला द्यायची नाहीत. येत्या चवथीला मी एक नेवरी वळणार नाही. गणपतीला काय ते तुम्ही सांगा."

सासूबाई उठल्या, मागच्या पडवीत जाऊन बसल्या. त्यांची पाठ मला दिसत होती. म्हाताऱ्या माणसाला बोलले याचं वाईट वाटलं का? वाटलं. मागे घेतलं का? नाही.

ताट तसंच टेबलावर होतं. मी गडग्यापाशी गेले आणि हाक मारली. "मावशी, ये गं. चहाला ये."

"सोप्यावर येव?"

"नाही. आत."

ती धुतलेल्या हातांनी, नाताळचा नवा झगा घालून आली. सोपा चढली, आणि माजघराच्या उंबऱ्याशी थांबली. इकडेतिकडे बघत मला विचारलं, "व्हाणा खंय काडू?" माझ्या लग्नाआधीपासूनची शेजारीण, आणि आमच्या घरात चपला कुठे काढतात हे तिला ठाऊक नव्हतं. मी तिला हात धरून आत आणलं, माझ्या खुर्चीवर बसवलं. आमच्या कपाटातल्या दोन स्टीलच्या बशा काढल्या आणि दोघींना वाढलं. हे अजून तिथेच बसले होते. उठून गेले नाहीत, एवढं लिहिते. त्याहून जास्त काही लिहिण्यासारखं त्यांनी केलं नाही.

मावशीनं दोदोलाचा तुकडा तोंडात टाकला. सावकाश चावला. मी जन्मात प्रथमच तिच्या समोर बसून तिच्या ताटातलं खात होते, आणि तो तीन तास मीच ढवळला होता, म्हणून तिच्या तोंडाकडे बघत राहिले.

"गूळ कमी पडलो गो, बाय," ती म्हणाली.

"हो मावशी," मी म्हणाले, "कमीच पडलाय." आणि आणखी एक तुकडा घेतला.