डिसेंबरच्या आत

दिवेआगरचा अंबाजी घाईचा माणूस नव्हता. पोफळीला पहिली सुपारी धरायची म्हणजे सहा-सात वर्षं जावी लागतात, आणि तेवढी वाट बघण्यातच त्याच्या घराण्याच्या पिढ्या गेल्या होत्या. गावातल्या निम्म्या वाड्यांनी पर्यटकांसाठी खोल्या बांधल्या, तरी हा आपला पाटाला पाणी सोडत आणि पडलेल्या झावळ्या ओढत बसला. शेवटी त्याची बायको राही मागे लागली, तेव्हा कुठे वाडीच्या पुढच्या अंगाला दोन खोल्या उभ्या राहिल्या आणि ‘राहण्याची व जेवणाची घरगुती सोय’ अशी पाटी लागली. राहीच्या हातच्या सुरमईच्या कालवणासाठी माणसं मुंबईहून पुन्हा पुन्हा यायची. अशा या माणसानं आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट तेवढी घाईत केली.

दोन हजार वीसचं साल. मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि खोल्यांना कुलूप पडलं. त्यांचा मुलगा सुजित मुंबईत एका मोठ्या हॉटेलात होता. हॉटेल बंद झालं, मालकानं दोन महिने अर्धा पगार दिला आणि मग हात वर केले. सुजित घरी आला तो तोंड पाडून. मे महिन्यात सरकारनं मोठं पॅकेज जाहीर केलं. त्यात आपल्यासारख्यासाठी काय आहे, ते ऐकायला अंबाजी रोज टीव्हीसमोर बसायचा.

“काय म्हणतायत?” राही आतून विचारायची.

“कर्ज देतो म्हणतायत.”

“आपल्याला कर्ज कशाला हवंय? माणसं यायला हवीत.”

आणि जूनमध्ये वादळ आलं. सकाळी सुरू झालं ते दुपार कलेपर्यंत. वारा थांबल्यावर अंबाजी मागच्या दारात जाऊन उभा राहिला, तर वाडीच्या पलीकडचा समुद्र त्याला सरळ दिसला. जन्मात कधी तो त्या दारातून दिसला नव्हता. पोफळी एकावर एक आडव्या पडल्या होत्या. माड काही उभे होते, काहींची मुंडकी उडाली होती.

तलाठी आले, पंचनामा झाला. भरपाई हेक्टरच्या हिशेबानं निघाली, आणि इथल्या वाड्या तर गुंठ्यांच्या. हातात आलं त्यातून पडलेली झाडं उचलण्याची मजुरीही सुटेना. झाडागणिक भरपाई द्या म्हणून गावकरी ओरडत राहिले. राही कुणाच्या ओरडण्याची वाट बघत बसली नाही. जुन्या झाडांची सुपारी तिनं रोपांसाठी पेरली आणि म्हणाली, “एक पाऊस जाऊ द्या. जमीन हाय ना जाग्यावर?”

अंबाजीला तो धीर आला नाही. ऑगस्ट संपता संपता टीव्हीवर सांगितलं की देशाची अर्थव्यवस्था जवळजवळ पाव हिश्श्यानं आकसली. त्याला त्यातलं फारसं काही कळलं नाही, पण ती बातमी लागली की तो आवाज वाढवून पुन्हा ऐकायचा. एवढा मोठा देश बसला, तिथं आपलं काय? सुजित अंगणात नुसता फोन बघत बसलेला असायचा. त्याच्याकडे बघितलं की अंबाजीला जेवण जायचं नाही.

अशात विपुलभाईंचा फोन आला. विपुलभाई मुंबईचे कापडाचे व्यापारी, खोल्या बांधल्या तेव्हापासूनचे पाहुणे, माणूस सज्जन. समुद्राकाठी आपली एक जागा असावी असं ते पूर्वीपासून म्हणायचे, आणि गुजरातेत त्यांची वडिलोपार्जित शेती असल्यामुळे शेतकरी म्हणून इथं वाडी घ्यायला अडचण नव्हती.

“अंबाजीभाई, सरकारनं मुद्रांक शुल्क कमी केलंय, पण डिसेंबरपर्यंतच,” ते म्हणाले. “धंदा माझाही बसलाय. नंतर मला जमेल की नाही, सांगता येत नाही.”

घरं-जागांचा व्यवहार पुन्हा हलावा म्हणून काढलेली ती सवलत. तिचा फायदा घेणाऱ्याला होता, अंबाजीला त्यातून काही मिळणार नव्हतं. तरी ‘डिसेंबरपर्यंत’ हा शब्द त्याच्या डोक्यात बसला. डिसेंबर उलटला की गिऱ्हाईक गेलं, आणि अशा दिवसांत दुसरं कोण येणार? एवढंच त्याला दिसत होतं.

राही भांडली. आधी सरळ बोलली, मग रडली. “अवो, सगळ्या गावाचीच झाडं पडलीत. कुणी इकतंय का?”

“त्यांची पोरं घरी बसली न्हायत.”

सुजित नको म्हणाला असता तर कदाचित अंबाजी थांबलाही असता. पण त्या पैशात पनवेलला जागा घेता येईल, तिथं काहीतरी काम मिळेल, हे सुजितच्याही मनात होतं. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात श्रीवर्धनला घरासकट वाडीचा दस्त नोंदला. राहीनं अंगठा उमटवला आणि कुणाकडे न बघता बाहेर जाऊन उभी राहिली.

पुढं जे झालं ते सगळं थांबणाऱ्यांच्या भल्याचं झालं. ती सवलतसुद्धा थोडी कमी होऊन पुढं मार्चपर्यंत चालूच राहिली. भरपाई झाडागणिक मिळाली, नव्या लागवडीला रोजगार हमीतून मदत आली. दुसरी लाट ओसरल्यावर कोंडलेली माणसं समुद्राकडे अशी धावली की दिवेआगरात शनिवारी खोली मिळेना. सुजितला तर त्याच हॉटेलनं परत बोलावलं, आधीपेक्षा वरच्या जागेवर. पनवेलहून तो रोज जाऊन-येऊन करू लागला.

अंबाजी चौथ्या मजल्यावर राहू लागला. सोसायटीच्या आवारात चार झाडं होती. त्यांना पाणी घालायला तो खाली उतरला, तेव्हा वॉचमननं सांगितलं, “काका, माळी आहे त्याला.” राही शेजारणींत रमली, निदान तसं दाखवायची. वाडीचा विषय तिनं कधी काढला नाही. तिनं एकदा तरी टाकून बोलावं, असं अंबाजीला फार वाटायचं.

यंदा वैशाखात चुलतभावाच्या मुलीचं, प्रणालीचं लग्न होतं, म्हणून दोघं दिवेआगरला गेली. विपुलभाई नेमके तिथंच होते. त्यांनी हट्टानं घरी नेलं, चहा दिला. वाडी त्यांनी नीट ठेवली होती. राहीनं पेरलेल्या पोफळी डोक्याच्या वर गेल्या होत्या. अंबाजीनं एका खोडाला हात लावला आणि लगेच काढून घेतला.

“भाई, चार दिवस राहा ना. घर तुमचंच आहे,” विपुलभाई मनापासून म्हणाले.

“न्हाय ओ,” राही म्हणाली. “आमची गाडी हाय.”

परतीच्या एसटीत गर्दी नव्हती. बोर्ली मागे पडल्यावर अंबाजी म्हणाला, “मी थांबायला हवं होतं.”

राही खिडकीबाहेर बघत होती. तिकडेच बघत म्हणाली, “व्हय. थांबायला हवं होतं.”

इतकी वर्षं त्याला हेच ऐकायचं होतं. ऐकलं की मन हलकं होईल, असं त्याला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. तिच्या आवाजात राग असता तर त्याला उत्तर तरी देता आलं असतं.

म्हसळ्याला गाडी थांबली. कंडक्टर चहाला उतरला.

“सुजितला फोन करा,” राही म्हणाली. “स्टँडवर घ्यायला येईल.”

“करतो,” अंबाजी म्हणाला, आणि गाडी पुन्हा सुरू झाली तरी फोन खिशातच होता.