कॅरिअरवरचा नवरा

ऐंशीच्या सुमारास मी वर्ध्याला कॉलेजात होते. बोरगाव मेघेच्या रस्त्यावर एक जोडपं रोज दिसायचं. लुगड्याचा काष्टा मारलेली बाई सायकल चालवायची आणि नवरा मागे कॅरिअरवर दोघांचे डबे मांडीवर घेऊन मजेत बसायचा.

एकदा पानठेल्यावरून कुणीतरी ओरडलं, “काऊन गा, बायकोच्या मागं बसून राह्यला? लाज नाई वाटत?”

तो हसून म्हणाला, “तिले सायकल येते, मले येत नाई. लाजेपायी पायी जाऊ का?”

बाईही खळखळून हसली.

‘पोरीच्या जातीले सायकल कायले?’ म्हणणाऱ्या बाबांकडे मी त्याच संध्याकाळी त्यांची सायकल मागितली. पडत-झडत शिकलेही.

आता माझी लेक स्कूटर चालवते. जावई मात्र मागं बसताना अजून इकडंतिकडं बघतो.