आता तू कर

वंदना महाजन एकोणीस वर्षं इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला गणित शिकवत होती. बुऱ्हाणपूर संपून केळीच्या बागा लागतात तिथे तिचं कॉलेज. दापोरा-फोपनार या आसपासच्या गावांतली मुलं बसने यायची. बारावी कशीबशी काढलेली, इंटिग्रेशनचं चिन्ह दिसलं की वही मिटणारी. वंदना आधी त्यांच्याकडून अपूर्णांक घोटून घ्यायची. तिने स्वतः वर्गात वही कधी नेली नाही. मॅडमच्या डोक्यातच पुस्तक छापलंय, असं मुलं म्हणायची.

गेल्या सप्टेंबरात एक गणित सोडवताना तिने उणे दोन लिहून कंस उघडला आणि पुढची पायरी आलीच नाही. हजारदा केलेली पायरी. समोर नुसता फळा होता. कोणाला कळायच्या आत तिने पहिल्या बाकावरच्या रुपालीपुढे खडू धरला.

"आता तू कर."

रुपालीने अडखळत का होईना, केलं. मग हे रोजचंच झालं. खडू आपल्याकडे कधीही येईल या धाकाने मुलं घरून तयारी करून येऊ लागली. निकाल लागला तेव्हा नापासांची संख्या निम्म्यावर आली होती. प्राचार्यांनी सभेत तिच्या पद्धतीचं कौतुक केलं, शाल पांघरली, आणि मॅडमचा एक तास कॅमेऱ्यावर घ्यायचा असं जाहीर केलं. मुलांचा गोंधळ नको, वर्ग रिकामाच ठेवू. मुलांशिवाय ही पद्धत कशी दाखवणार, असं तिने विचारून पाहिलं. ते म्हणाले, "वो बाद में जोड देंगे. आधी तुमचं शिकवणं पाहिजे."

घरी नवऱ्याने, सुरेशने, शाल बोटांत चुरून पाहिली. कापडाचं दुकान त्याचं. पॉलिस्टर आहे, असा निकाल देऊन तो जेवायला बसला आणि कसली पद्धत ते विचारू लागला. तिने सांगितलं. त्याचा घास हातातच राहिला.

"मला रोज वरणात मीठ टाकायला लावते तू. म्हणते, तुमचा हात चांगला आहे."

ती बट्टी कुस्करत राहिली.

"वंदना, हीच पद्धत का ती?"

"टाकलंय की नाही, आठवत नाही मला," ती म्हणाली. "दिवाळीत दोनदा पडलं होतं."

त्याने लगेच इंदूरच्या डॉक्टरचं नाव काढलं. कॉलेजला आजारी म्हणून कळव, म्हणाला.

"शनिवारी जाऊ. एवढा तास निघू द्या. आजारी म्हटलं की पहिलं वर्ष दुसऱ्या कोणाला देतील, अन् एकदा दिलं की परत मिळत नाही. मला दुसरं काय येतं, सांगा बरं?"

पुढचे चार दिवस ती ओट्यामागच्या फरशांवर खडूने तेच गणित सोडवत होती. दहावीला गणितातच गटांगळी खाल्लेला सुरेश स्टुलावर वही घेऊन बसायचा, आणि काही न समजता चिन्हं ताडून बघायचा. इथे उणे आहे, तू अधिक लिहिलं. तीनदा सगळं बरोबर यायचं, चौथ्यांदा हात थांबायचा. मग तो ओल्या फडक्याने फरशा पुसायचा.

कॅमेऱ्यावर तास घ्यायच्या दिवशी तिने फळा पुसायच्या निमित्ताने रुपालीला वर्गात थांबवून घेतलं. कॅमेरावाल्याने रुपालीची सावली पडते म्हणून तिला बाहेर पाठवलं आणि दार लावलं.

वंदनाने सुरुवात केली. आवाज नेहमीचा, खणखणीत. अपूर्णांक, मग सूत्र, मग गणित. वीस मिनिटं कुठे अडली नाही. उणे दोन लिहिलं. कंस उघडला.

तिने फळ्याकडे पाहिलं. मग दाराकडे. मग तिचा हात सवयीने आपोआप पुढे झाला.

"आता तू कर," ती कॅमेऱ्याला म्हणाली.

शिकवण्याचाच भाग आहे असं समजून कॅमेरावाला हसला, आणि छान चाललंय म्हणून त्याने अंगठा वर केला. वंदना खडू धरून उभीच होती. लाल दिवा चालू होता. बराच वेळ गेला, तसा त्याचा अंगठा हळूहळू खाली आला.