सावंतांच्या आहेराची यादी

मंडळी, आज दुपारी भाचीने तिच्या लग्नाच्या आहेराची ऑनलाइन यादी पाठवली. वर फोनवर म्हणते, "मावशी, यातली एक वस्तू निवड. आता अशीच पद्धत आहे." मला हसूच आलं. अगं, ही पद्धत मी चौऱ्याऐंशी साली बहारीनमध्ये काढली होती!

तेव्हा आम्ही तिथल्या झिंज भागात राहायचो. यांच्या ऑफिसातले सावंत स्वतःच्या लग्नासाठी चिपळूणला निघाले होते. सगळ्यांनी इस्त्र्याच देऊ नयेत म्हणून मी वहीच्या कागदावर यादी केली आणि प्रत्येकाला एकेका वस्तूपुढे नाव लिहायला लावलं. मिक्सर, टेबल फॅन, डिनर सेट, टेपरेकॉर्डर, इस्त्री. एकही वस्तू दुबार आली नाही. काय ऐटीत होते मी!

एअरपोर्टवर काउंटरवरच्या माणसाने खोक्यांचा ढीग पाहिला आणि हात झटकले. "मफी, मफी!" म्हणजे अरबीत नाही, नाही. "एवढं नाही जाणार."

सावंतांनी घाम पुसला. "वहिनी, यादी फर्स्टक्लास होती. फक्त विमान कुणाच्या नावावर लिहायचं राहिलं."

सावंत एक सूटकेस घेऊन लग्नाला गेले, खोकी आमच्या हॉलमध्ये परत आली. सहा महिन्यांनी त्यांच्या बायकोचा, सुमनचा, व्हिसा झाला, तेव्हा आम्ही त्याच सामानाने त्यांचं घर लावून ठेवलं. सुमन सगळं कौतुकाने पाहत फिरली आणि हळूच म्हणाली, "वहिनी, पोळपाट-लाटणं कुठंय?"

त्या दिवशीच्या पोळ्या तिने डिनर सेटच्या पालथ्या ताटावर सरबताच्या बाटलीने लाटल्या. आणि गोल झाल्या हो!

तुमच्या लग्नात सगळं आलं, पण नेमकं काय यायचं राहिलं?