विहिरीतला सुदाम

एका खेळाचे इतके किस्से कसे साठतात, कोण जाणे. मित्र आग्रह करतात म्हणून सांगतो, पण सांगताना दर वेळी वाटतं, ह्यांना कंटाळा येतोय. तसं असेल तर स्पष्ट सांगा, मी थांबेन.

नव्वदच्या आसपास मी डोंबिवलीत राहायचो, कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचो. ठाण्याला टेंभी नाक्याजवळच्या रद्दीवाल्याकडे मला एक जुना विलायती खेळ मिळाला. एकाने सूत्रधार होऊन गुहा, राक्षस वगैरे कल्पून सांगायचं. बाकीच्यांनी वीर व्हायचं आणि 'मी आता अमुक करतो' म्हणायचं. जमलं की फसलं, ते फाशांवर. दर रविवारी आमच्याकडे तिघं यायचे: वकील जोशी, बँकेतले पेडणेकर आणि ठाण्याच्या कोळीवाड्यातला, सरकारी नोकरीतला सुदाम. सूत्रधार मी. पीएचडीच्या तोंडी परीक्षेला घाबरलो नाही तेवढा रविवारी घाबरायचो!

*

खोक्यात वीस बाजूंचा फासा नव्हता. हिने हाऊजीची पिशवी आणून दिली. राक्षस अंगावर धावून आला, पेडणेकरांनी पिशवीतून आकडा काढला आणि ओरडले, "राक्षसाचं नंतर बघू, माझी पहिली लाईन झाली!"

*

मी महिनाभर खपून एका ड्रॅगनची गुहा रचली. जोशींनी दारातच त्याला विचारलं, "गुहा तुमच्या नावावर आहे का?"

मी गडबडलो. पुढच्या रविवारपर्यंत मुदत मागितली.

"दिली," जोशी म्हणाले. "पण तोवर आग ओकायची नाही. जैसे थे!"

ती मुदत मी पुढे कितीदा वाढवून घेतली, विचारू नका.

*

माझा जुन्या खेळांचा नाद कल्याणच्या रद्दीवाल्यालाही कळला होता. "प्रोफेसर, राक्षसांचं पुस्तक ठेवलंय तुमच्यासाठी. रंगीत!" घाईत होतो, न उघडताच आणलं. घरी पाहिलं तर त्वचारोगांचा अॅटलास!

पेडणेकरांनी तो शांतपणे चाळला. म्हणाले, "ह्यातल्या कुणाशी मी लढणार नाही. संसर्गजन्य दिसतायत."

*

आमच्या नियमपुस्तकाची शेवटची पानं फाटलेली होती. खेळ जिंकायचा कसा, हे त्यांत असणार आणि मी सगळ्यांना चुकीचं खेळवतोय, ही धास्ती मला कायम. बऱ्याच वर्षांनी अख्खी प्रत मिळाली. जिंकण्याचा नियमच नव्हता. हा खेळ संपतच नाही म्हणे!

ही म्हणाली, "हे मी केव्हाच सांगितलं असतं."

*

आता सुदामचं. एका रविवारी त्याचा वीर दोराला धरून विहिरीत उतरला. वर दोर धरून जोशी आणि पेडणेकर. तेवढ्यात वेळ संपला. आणि त्याच आठवड्यात सुदामची नागपूरला बदली झाली!

पुढच्या रविवारी मी भीत भीत म्हटलं, "सुदामचा वीर विहिरीत गेला, असं धरू या?"

"गेला कसा?" जोशी कडाडले. "दोर आमच्या हातात आहे!"

झालं. त्या दिवसापासून एकाने विहिरीवर थांबायचं. जो उशिरा येईल त्याच्याकडे दोर. म्हणजे पराक्रमाला उरला एकच! अशी वर्षं गेली. मला वाटायला लागलं, ह्यांना खेळात रस उरला नाही, माझं मन राखायला येतात. एका रविवारी ठरवलं, आज खेळ बंद करायचा.

"ड्रॅगनची मुदत संपली," मी म्हटलं. "एकट्याने भागणार नाही. दोर सोडा, दोघं जा, म्हणजे शेवट करता येईल."

दोघंही हलेनात.

"सुदामला काय तोंड दाखवू?" पेडणेकर म्हणाले.

इतक्यात स्वयंपाकघरातून आवाज आला, "द्या तो दोर इकडे. मी धरते. तुम्ही या जाऊन!"

दोघं गेले. ड्रॅगन मेला. पण खेळ काही बंद करता येईना, विहिरीत माणूस होता ना!

पुढे काही महिन्यांनी एका रविवारी दार वाजलं. दारात सुदाम, मागे बायको, कडेवर पोर. बदली होऊन परत आला होता. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

"मना वर काढा आता! दोर कोनाकडं हाय?"

आम्ही तिघांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. ही कणकेच्या हातांनी बाहेर आली.

"माझ्याकडे. घट्ट धर, ओढते."