ती पाय बघते

ते माणसाच्या तोंडाकडे बघत नसत, पायांकडे बघत. समोरचा बोलत असे, ते मान हलवत ऐकत, पण नजर चपलांच्या टोकांवर. कोणी तोंडाने "बसतो जरा" म्हणाला आणि त्याची पावले फाटकाकडे वळलेली असली, तर ते चहाचे आधण ठेवत नसत. त्यांचा अंदाज चुकल्याचे मी एकदाही पाहिले नाही.

त्यांचे नाव मी येथे लिहिणार नाही. एकदा ते मी एका सरकारी अर्जात लिहिले होते. त्यातून जे निष्पन्न झाले ते पुढे येईलच. वसाहतीत सगळे त्यांना सारंग म्हणत. मालवाहू जहाजावर खलाशांचा जो मुकादम असतो त्याला सारंग म्हणतात, आणि उभा जन्म त्यांनी तीच नोकरी केली होती. निवृत्तीनंतर आमच्या मागच्या गल्लीत एका खोलीत ते भाड्याने राहत. गाव पालीच्या पुढे, पण तिथले घर भावांच्या वाट्याला गेलेले. पत्नी वारलेली. मुलगा डोंबिवलीला. तो दर रविवारी फोन करून "बाबा, आता इकडे या" म्हणे, आणि सारंग दर रविवारी तेच उत्तर देत, "मैदान हाय तोवर मी इथं."

ज्याला ते मैदान म्हणत तो वसाहतीच्या टोकाचा कातळाचा एक तुकडा होता. मंजूर नकाशात त्याची नोंद 'खुली जागा' अशी आहे. तिथे सारंगांनी दोन-दोन चिरे रचून त्यांवर बांबू आडवे ठेवले होते. बंदरावरून आणलेल्या निळ्या पिंपांचे बूड कापून, ती एकापुढे एक जोडून बोगदा केला होता. मोडीत निघालेल्या होडीच्या फळ्या टेकवून एक चढ-उतार उभारला होता, आणि कुत्र्याचा पाय घसरू नये म्हणून त्यावर जुने मासेमारीचे जाळे ताणून ठोकले होते. एका ओळीत बारा काठ्या रोवलेल्या होत्या. कुत्र्याने या सर्वांवरून, खालून आणि मधून धावत जायचे, माणसाने बरोबर धावायचे, आणि कुत्र्याला हात लावायचा नाही, असा हा खेळ. परदेशात त्याच्या स्पर्धा होतात. सारंगांनी तो एका दूरच्या बंदरात, सुटीच्या दिवशी, कुंपणाबाहेर उभे राहून पाहिला होता. बाकीचे खलाशी बाजारात गेले होते. एका म्हाताऱ्या बाईने खुणेने त्यांना आत बोलावले आणि आपला कुत्रा त्यांच्या हवाली केला. "माजी भाषा तिला कळंना, तिची मला. कुत्र्याला दोगांची कळंना. तरी पळालो आमी," असे ते सांगत. चहाबरोबर ही हकीकत मी निदान वीस वेळा ऐकली आहे.

त्यांचे स्वतःचे कुत्रे नव्हते, कारण घरमालकाची परवानगी नव्हती. ज्या कोणाच्या कुत्र्याला यायचे असेल त्याने यावे, असा त्यांचा खुला परवाना. प्रत्यक्षात फारसे कोणी येत नसे.

मी न्यायालयाच्या कार्यालयात शिरस्तेदार होतो. निवृत्त झालो तरी घरी आवक-जावक नोंदवही ठेवतो. पथदिवे, ध्वनिक्षेपक, फुटलेली जलवाहिनी, यांवर मी कार्यालयांना जी पत्रे लिहिली त्यांच्या पोहोचपावत्या माझ्याकडे क्रमवार आहेत. माझ्या फाटकाशी झोपणाऱ्या एका तांबूस कुत्रीविषयीही मी तीन तक्रारी केल्या. तिसऱ्या तक्रारीनंतर गाडी आली, तिला घेऊन गेली, तिची शस्त्रक्रिया झाली, लस दिली गेली, आणि शस्त्रक्रियेची खूण म्हणून कान किंचित कापलेल्या अवस्थेत तिला पुन्हा माझ्याच फाटकाशी आणून सोडले. मी संतापून नियम काढून वाचला. नियम स्पष्ट होता: जिथून उचलले तिथेच सोडावे. म्हणजे माझ्याच तक्रारीने तिचा माझ्या फाटकावरचा हक्क सिद्ध झाला होता. नियमापुढे मी वाद घालत नाही. त्या संध्याकाळी मी तिला दूधभात घातला.

सारंग फाटकाबाहेर उभे होते. तिला म्हणाले, "काय गं बायो, जिंकलीस ना?" आणि मला म्हणाले, "अण्णा, हिला घेऊन या उद्या पाच वाजता. तुमाला बी जरा पळायला हवं."

माझे वय एकाहत्तर होते. तरी मी गेलो, हे मला आजही नवल वाटते.

पहिल्या दिवशी बांबू चिऱ्यांवर नव्हताच, जमिनीवर होता. मी बायोला उभे केले आणि पलीकडे जाऊन कार्यालयीन आवाजात म्हणालो, "बायो, इकडे ये. उडी मार." ती खाली बसली. मी पुन्हा म्हणालो. तिने जांभई दिली. मी तिसऱ्यांदा, प्रत्येक शब्द वेगळा करून म्हणालो, तेव्हा ती उठली आणि डावीकडे, सरळ सारंगांच्या खाऊच्या पिशवीकडे निघून गेली.

"आता तुमचे पाय बगा," सारंग म्हणाले.

मी पाहिले. माझी दोन्ही पावले डावीकडे, पिशवीकडे वळलेली होती.

"तोंड मिटा, अण्णा. ती पाय बघते. तुमी तोंडानं सांगता एक आणि पायानं दुसरं. ती बिचारी कुणाचं ऐकणार?"

"पण हुकूम तर द्यायला हवा ना?"

"कोर्टात द्यावा. हितं पळावं."

नवशिक्याच्या सगळ्या चुका मी यथासांग केल्या. बायो उडी घेण्याच्या क्षणी मी थबके, म्हणून तीही थबके आणि बांबू पाडे. उताराच्या शेवटी रंगवलेल्या पट्टीवर कुत्र्याचा पाय पडलाच पाहिजे असा नियम, पण ती पट्टीला पाय न लावताच उडी टाके, कारण मी पुढे निघून गेलेलो असे. बारा काठ्यांत पहिली काठी तिच्या डाव्या खांद्याला यायला हवी, हे मला तोंडपाठ होते, पण पायांना ठाऊक नव्हते. सुक्या बोंबलाचे तुकडे खिशात ठेवावे लागत. ज्या घरातून मासळीच्या वासाबद्दल शेजाऱ्यांना लेखी समज गेलेली आहे, त्या घराच्या मालकाचा सदरा बोंबलाने दरवळू लागला. शेजारच्या वहिनी दोरीवरचे कपडे काढताना मोठ्याने हसल्या. मी त्याची नोंद वहीत केली नाही.

एकदाच, फक्त एकदाच, सगळे जुळले. पावसाळा संपून कातळावरचे गवत पिवळे पडत होते. मी तोंड मिटून धावत होतो. धावत म्हणजे काय, भराभर चालत. बायो पहिल्या बांबूवरून गेली, बोगद्यातून निघाली, फळीवर चढली, उतरताना पट्टीवर पाय ठेवून माझ्यासाठी थांबली, आणि मग त्या बारा काठ्यांमधून सुईतल्या दोऱ्यासारखी निघाली. शेवटच्या काठीतून बाहेर पडल्यावर ती वळली आणि तिने पहिल्यांदाच माझ्या तोंडाकडे पाहिले. सारंग चिऱ्यावर बसले होते. ते म्हणाले, "झालं. आता मी जहाजावरनं उतरलो." मग बराच वेळ बंदराच्या दिशेने बघत राहिले.

त्याच आठवड्यात वसाहतीतल्या एका सद्गृहस्थाने मला रस्त्यात गाठले. त्यांच्या वाढवलेल्या जिन्याविरुद्ध मी पूर्वी अर्ज केलेला होता. ते म्हणाले, "काय शिरस्तेदार, त्या खुल्या जागेवर चिरे नि पिंपं कुणाच्या परवानगीनं आहेत? का कायदा फक्त आमच्या जिन्याला?"

त्यांचे म्हणणे योग्य होते, आणि योग्य म्हणणे मला झोपू देत नाही. सारंगांना मी सांगितले की रीतसर परवानगी घेऊन टाकतो.

"नको," ते लगेच म्हणाले. "इचारू नका, अण्णा. आजवर कुणी काय बोललं नाय. इचारलं की त्यांना उत्तर द्यावं लागतं. आणि उत्तर द्यायचं म्हटलं की 'नाय' लिवणं सोपं."

मी हसलो. माझ्या ड्राफ्टिंगवर माझा विश्वास होता. दोन पानी अर्ज केला. जागेचा नकाशा जोडला. उपकरणांची यादी दिली. आणि अर्जात सत्य दडवू नये या माझ्या आयुष्यभराच्या सवयीने, सदर उपकरणे कोणी उभारली त्यांचे पूर्ण नाव, वय आणि पत्ता लिहिला. पोहोचपावती घेतली, वहीत क्रमांक टाकला. सारंगांना सांगितले नाही. म्हटले, परवानगीचा कागदच हातात ठेवू.

महिन्याभराने एका दुपारी सारंग माझ्या ओटीवर आले. हातात लिफाफा. "अण्णा, जरा वाचा. तुमच्या भाषेत हाय."

मी चष्मा लावला आणि मोठ्याने वाचू लागलो. नोटीस त्यांच्या नावे होती. खुल्या जागेवर विनापरवाना बांधकाम व साहित्य ठेवून अतिक्रमण केल्याचे निदर्शनास आले असून, ते पंधरा दिवसांत स्वतःहून काढावे, अन्यथा कार्यालय काढील. वरच्या ओळीकडे मी आधी पाहिले नव्हते. आता नजर तिथे गेली. 'संदर्भ' या शब्दापुढे माझे नाव होते आणि माझ्या अर्जाचा दिनांक.

ती ओळ गाळता आली असती. त्यांना छापील मराठी सावकाश वाचता येई, पण ते वाचत नसत. माझ्यावर सोडत. मी ती ओळ वाचली, आणि तीही मोठ्याने.

माझ्या तोंडाकडे त्यांनी पाहिलेच नाही. खाली, माझ्या पावलांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "चांगल्या मनानंच लिवलंत. पाय बरोबर होते तुमचे." लिफाफा परत घेत म्हणाले, "पण तोंड उघडलंत, अण्णा."

त्या पंधरा दिवसांत मी जे लिहिले ते आयुष्यात कधी लिहिले नव्हते. हरकत, स्मरणपत्र, अपील, माहितीचा अर्ज, सुनावणीची विनंती. चिरे सुटे आहेत, त्यांत सिमेंट नाही, म्हणून ते बांधकाम नव्हे, हा मुद्दा मी आजही अभेद्य मानतो. सुनावणी झाली. अधिकारी तरुण आणि सभ्य होते. म्हणाले, "काका, तुमचं बरोबर आहे हो. पण तुम्हीच अर्ज केलात ना? फाइल उघडली की ती बंद करावी लागते." उत्तर एका ओळीचे आले: आपला अर्ज निकाली काढण्यात आला आहे.

सोळाव्या दिवशी सकाळी तोडकामाचे यंत्र आले. सारंग आधीच तिथे होते. चिरे त्यांनी स्वतः उचलून बाजूला रचले होते, जाळे सोडवून गुंडाळले होते. जहाज मोडीत काढताना खलाशी आधी दोर आवरतात, तसे. पिंपे यंत्राने चेपली. काठ्या उपटायच्या वेळी ते म्हणाले, "त्या मी काढतो," आणि बाराही काठ्या हाताने, एकेक हलवून काढल्या. त्या जागेला लागून असलेल्या त्या सद्गृहस्थांच्या जिन्याला कोणी हात लावला नाही. रस्त्यापर्यंत आलेली पत्र्याची शेड तशीच आहे, आणि नाल्यावरचे दुकानही. त्यांपैकी कोणीही काही विचारले नव्हते. मी हे सर्व पुन्हा लेखी कळवले. पोहोचपावती आहे.

त्या रविवारी फोन आला तेव्हा त्यांच्याकडे द्यायला उत्तर नव्हते. महिनाअखेरीस मुलगा गाडी घेऊन आला. निघताना सारंग बायोपुढे उकिडवे बसले, तिच्या कापलेल्या कानाला बोट लावले. मला म्हणाले, "येतो, अण्णा." मी त्यांच्या पायांकडे पाहिले. एवढे तरी शिकलो होतो. पावले माझ्या ओटीकडे होती. गाडी मागे उभी होती.

डोंबिवलीहून सुरुवातीला फोन येत. नववा मजला. खाली गाड्या लावतात, पळायला जागा नाही, असे म्हणाले. दरवेळी एकच प्रश्न, "पाय बघते का अजून?" मी हो म्हणे. मग फोन कमी झाले. गेल्या खेपेला मीच केला, तो मुलाने उचलला. तो म्हणाला, "बाबा हल्ली ओळखत नाहीत फारसे कोणाला. खिडकीत बसतात आणि खाली बघतात." कशाकडे, ते मी विचारले नाही.

त्या खुल्या जागेला आता तारेचे कुंपण आहे, फाटकाला कुलूप आहे, आणि आत कोणाच्या तरी बांधकामाची खडी पडली आहे. कुलपाची किल्ली कोणाकडे असते, हे विचारणारे पत्र मी लिहून ठेवले आहे. ते अजून टपालात टाकलेले नाही.

पाच वाजले की बायो माझ्या आधी निघते. कुंपणाशी जाऊन उभी राहते. मी पोहोचतो, तिच्या शेजारी थांबतो. ती आत बघत नाही, माझ्या तोंडाकडेही बघत नाही. मान खाली घालून माझी पावले बघते, ती कुठे वळतात याची वाट बघत. मी तोंड मिटून उभा राहतो. पावले हलत नाहीत.